एका तासाची बाई

"माका बाई कर," मी म्हटलं.

गोपाळदा अंगणात पाटावर बसला होता. दुपारचे दोन वाजले असतील. रात्रभर द्रौपदी होऊन उभा राहिलेला माणूस नुकताच उठून न्हायला होता आणि कमरेपर्यंतचे केस उन्हात सोडून बसला होता. त्याने केस बाजूला करून माझ्याकडे बघितलं.

"आणि आता तू कोण असस?"

"ता लोकांक इचार. तीन स्थळां बघून गेली. एक म्हणाला, चलणा बापयासारखा. दुसऱ्यान माझे खांदे बघितल्यान आणि चाय न पिताच उठलो."

"आणि तिसरो?"

"तिसरो घराकडे इलोच नाय. धक्क्यार होतो. मी पल्याडच्या माणसाक हाक मारलंय, ती आयकान थंयसूनच परत गेलो."

गोपाळदा हसला नाही. त्याची ही गोष्ट मी कधी विसरले नाही. गावात दुसऱ्या कोणालाही हे सांगितलं असतं तर आधी पोट धरून हसला असता आणि मग कनवाळूपणा दाखवला असता.

गोपाळ मेस्त्री पावसाळ्यात सुतारकाम करायचा आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत दशावतारात बायकांची सोंगं घ्यायचा. दशावतारात बाई नसते, बाईचं काम पुरुषच करतो, आणि आसपासच्या पंचवीस गावांत गोपाळदासारखी राणी कोणी केली नव्हती. त्याची द्रौपदी रडायला लागली की म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. भुवया कोरलेल्या, हात नाजूक, आणि बोलताना मान अशी वळवायचा की मलाच लाज वाटायची.

आमचं केळबांद गाव खाडीच्या अलीकडे आणि मोटाररस्ता पलीकडे. मधे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. ती तर माझ्या वडिलांची, धाकू कुबलांची. मी चौदा वर्षांची असताना त्यांची कंबर गेली. आई त्याआधीच वारलेली, भाऊ नाही. मग वल्हं मी हातात घेतलं आणि दहा वर्षं सोडलं नाही. आता पन्नासेक वर्षांनी हे सांगताना मी शाळेतल्या भाषेत सांगते आहे, पण आम्ही बोलायचो ते मालवणीतच, म्हणून माणसं जशी बोलली तशीच बोलू देते.

"आता कोण येतलो?" गोपाळदाने विचारलं.

"अरविंद कोचरेकर. मोजणीवालो. रविवारी आवशीक घेवन येता."

"माणूस बरो असा?"

"बरो असा."

"तुका होयो?"

"होयो."

खरं तेच सांगितलं. अरविंद जमीन मोजणीच्या खात्यात होता. तीन महिने रोज सकाळी साखळी आणि झेंड्यांची पिशवी घेऊन माझ्या होडीतून अलीकडे यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. पहिला आठवडा तोंड फिरवून बसला. मग माझ्याकडे तोंड करून बसायला लागला. एक दिवस म्हणाला, "तुमचे हात दुखत नाहीत?" दहा वर्षांत हजारो माणसं मी या पाण्यावरून नेली. कोणी भाडं कमी कर म्हटलं, कोणी लवकर चल म्हटलं, पण हात दुखतात का हे कोणी विचारलं नव्हतं. मला तो हवा होता. आता लाजायचं वय राहिलं नाही, म्हणून सरळ सांगते.

त्यालाही मी हवी होते. अडचण एकच होती, त्याची आई. "आई जुन्या वळणाची आहे," तो म्हणाला होता. "घरात तिचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. तू होडी चालवतेस हे तिला मी सांगितलेलं नाही. तिच्यासमोर तेवढा एक तास जरा बाईसारखी राहा. तिने हो म्हटलं की झालं." तेव्हा मी हसले होते. घरी आल्यावर मात्र हसू गेलं, कारण बाईसारखं राहायचं म्हणजे काय करायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

गावात माझ्याबद्दल दोन मतं होती. एक म्हणजे देवाचाच हात चुकला, मुलगा करायला घेतला आणि शेवटी मुलगी करून टाकली. दुसरं म्हणजे होडीने पोरगी बिघडवली. वडील दुसऱ्या मताचे होते, त्यामुळे मी घरात शिरले की ते बिचारे गुन्हेगारासारखे खाली बघायचे. मला स्वतःला कुठलंच मत नव्हतं, नुसती भीती होती. होडीने बिघडवलं असेल तर दुरुस्त होता येईल, पण जन्मतःच काही कमी असेल तर कोणाकडे जाऊन मागायचं? म्हणून मी गोपाळदाकडे गेले होते. बाईपण ज्याच्याकडे जन्मतः नव्हतं आणि तरी सगळ्यांहून जास्त होतं, असा तो एकच माणूस मला माहीत होता.

"आठ दिवस आसत," गोपाळदा केस गुंडाळत उठला. "चल, त्या माडापासून हंयपर्यंत चलान दाखव."

मी चालून दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला.

"अगो, पायांमधसून कुत्रो जायत. इतके फाकवन कित्याक चलतस?"

"होडीत पाय जुळवन उबी ऱ्हवलंय असतंय तर कवाच बुडलंय असतंय."

"तर मग ह्या होडीचा चलणा. जमिनीर कित्याक?"

त्याने आत जाऊन जुना पंचा आणला आणि माझ्या गुडघ्यांवर सैलसर बांधला. "एक वीत पाऊल. त्याच्यापेक्षा मोठा घातलंस तर पडतलंस." पहिल्या दिवशी मी सात वेळा पडले. गोपाळदा मोजत होता मेला.

रोज दुपारी जेवणाच्या वेळेला तर बंद असायची, तेव्हा मी त्याच्या अंगणात जायची. खांदे पुढे घ्यायचे, म्हणजे छाती लपते आणि रुंदी कमी दिसते. नजर तीन हात पुढे, जमिनीवर. हसायचं ते ओठ मिटून. पदर दोन बोटांनी धरायचा, मुठीत नाही. आवाज गळ्यातून काढायचा, पोटातून नाही. "पोटातलो आवाज कोणाक दाखवचो नाय," हे त्याने तीनदा सांगितलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे थांबायचं. दारात शिरण्याआधी क्षणभर थांबायचं, उत्तर देण्याआधी थांबायचं, बसण्याआधी थांबायचं.

"कित्याक?" मी विचारलं.

"लोकांक बघूक गावाक होया म्हणान."

"ता तुझ्या नाटकात. घरात कोण बघूक बसलेलो असता?"

"कोण नसलो तरी कोणतरी बघता असा धरान चलूचा. ताच तर बाईचा काम."

चौथ्या दिवशी मला जमायला लागलं आणि मीच चकित झाले. पंचा सोडला तरी पाऊल विताचंच पडायचं. विहिरीवर पाणी भरायला गेले तर एक म्हातारी म्हणाली, "शेवंती, आजारी असस काय गो?" मी गळ्यातल्या आवाजात "नाय ओ" म्हटलं आणि मनात उड्या मारल्या. जन्मतः कमी असलेली गोष्ट चार दिवसांत येत नाही, एवढं मला कळत होतं.

त्याच दिवशी मी त्याला विचारलं, "गोपाळदा, तू ह्या सगळा कोणाकडसून शिकलंस?"

"बाबी मास्तरांकडसून. तेंच्यासारखी सीता कोण करूक नाय."

"आणि ते?"

"तेंच्या गुरूंकडसून."

"आणि ते गुरू?"

"तेंचे कोणतरी असतले. असा मागच्या मागसून चलत इला." गोपाळदा आरशात बघून भुवई कोरत होता.

"मगे ह्यात बाई खंय इली?"

त्याचा हात थांबला. तेवढ्यात त्याची बायको, सत्यभामावयनी, रानातून आली. डोक्यावर लाकडाची मोळी, कासोटा वर खोचलेला, आणि पावलं अशी की दोन ढांगांत अंगण संपलं. तिने मोळी धाडकन टाकली, माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, "शिकवा, शिकवा," म्हणाली आणि आत गेली.

"हिच्याकडे बघून कित्याक शिकलंस नाय?" मी हळूच विचारलं.

"हिच्यासारखी चललंय तर लोक म्हणतले, ह्यो बापयोच उठान इलो," गोपाळदा म्हणाला. मग बराच वेळ तो भुवई न कोरता नुसता आरशात बघत बसला.

"तू सकाळी रंग काढतंस तेव्हा बरा वाटता काय?" मी विचारलं.

"रंग काढतंय, खोबरेल लावतंय आणि पाय पसरून झोपतंय. सोन्यासारखी झोप लागता," तो म्हणाला. "तुझो तर एकच तास असा. घाबरतंस कित्याक?"

रविवार आला. तर चालवायला मी माझ्या चुलतभावाला, वामनला बोलावलं. तो समुद्रावर मासेमारी करणारा गडी, चांगला पंचविशीचा, खाडीतलं वल्हं त्याला म्हणजे खेळणं. भरतीच्या वेळी त्याने पाहुण्यांना व्यवस्थित अलीकडे आणलं. अरविंद, त्याची आई भागीरथीबाई आणि एक मामा. आमच्याकडून वडील आणि शेजारी म्हणून गोपाळदा. केस टोपीखाली दडवून, सदरा घालून तो कोपऱ्यात बसला होता आणि माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

मी पोह्यांचं ताट घेऊन दाराशी आले आणि थांबले. एक क्षण. सगळ्यांच्या माना वर झाल्या. विताविताची पावलं टाकत गेले, वाकले, ताट ठेवलं, दोन बोटांनी पदर सावरला आणि बसण्याआधी पुन्हा थांबले. अरविंद बघतच राहिला. रोज त्याच्यासमोर पाय फाकवून वल्हं मारणारी बाई हीच का, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

भागीरथीबाई बारीक चणीच्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून, नजर खाली, आणि आवाज तर असा की शेजारी बसलेल्यालाच ऐकू यावा. त्या काही विचारायच्या, वडील कानामागे हात धरून "आँ?" म्हणायचे आणि मग मामा तेच मोठ्याने सांगायचे.

त्यांचे ओठ हलले.

"आँ?" वडील म्हणाले.

"शिक्षण किती म्हणता ती," मामा ओरडले.

"चवथी," मी गळ्यातून म्हटलं.

पुन्हा ओठ हलले.

"सैपाक येता मा, म्हणता ती."

"येता," मी थांबून म्हटलं. हे मात्र खरं होतं.

मामा खूश झाले होते. त्यांनी पोह्यांची दुसरी बशी घेतली आणि वडिलांना म्हणाले, "धाकूशेट, तुमचा चेडू म्हणजे अगदी दशावतारातली राणी. असा बाईपण आता बघूक गावणा नाय. ह्या रगतात असूचा लागता. शिकवन येणा नाय."

गोपाळदाला चहाचा ठसका लागला. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले आणि पदर तोंडात कोंबून हसले. खरं सांगते, त्या क्षणी मी जिंकले होते. हसून झाल्यावर मी पुन्हा खांदे पुढे घेतले आणि बाहेर आले.

भागीरथीबाईंनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात हातात घेतला. तळवा उलटा केला. आठ दिवसांत चालणं बदललं, आवाज बदलला, पण दहा वर्षांचे घट्टे कुठे जाणार? त्यांनी त्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"मुसळाचे," मी म्हटलं. विचारलं नव्हतं तरी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी नजर वर केली. माझा तळवा पालथा करून माझ्याच मांडीवर ठेवला आणि पदर सावरून बसल्या.

निघताना मामा म्हणाले, "दोन दिवसांत निरोप धाडतंव." त्यांच्या सुरावरून निरोप काय असणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. सगळे अंगणात उतरले. अरविंद चप्पल घालायच्या निमित्ताने ओटीवर मागे राहिला. त्याचा चेहरा फुलला होता.

"जमलं की तुला," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं नव्हतं."

"एक तास तर होतो," मी म्हटलं. "आता पाय दुखतत."

"नाही, खरंच. फार छान दिसत होतीस." त्याने दुसरी चप्पल पायात घातली. "आता अशीच राहा, शेवंती. कायमची. बघ, इतकं काही कठीण नाही ते."

तो वाईट बोलला नव्हता. प्रेमानेच बोलला होता, हेच तर अवघड होतं. वाईट बोलला असता तर मी तिथल्या तिथे ऐकवलं असतं. मी मनात हिशेब घातला. सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत, आणि मग उद्या, आणि मग परवा. गोपाळदा सकाळी रंग काढून पाय पसरून झोपतो. मी कधी पसरणार?

"हाक मारतायत," म्हणून अरविंद गेला.

मुलीने धक्क्यापर्यंत जायचं नसतं. पण घरात मला राहवेना, म्हणून मी गोपाळदाबरोबर माडांच्या आडोशापर्यंत गेले. सूर्य अजून हातभर वर होता. होडी सुटली होती. भागीरथीबाई मधे बसल्या होत्या, अरविंद आणि मामा पुढे, आणि वामन उभा राहून वल्हं मारत होता. ओहोटी चांगलीच लागली होती. पाणी समुद्राकडे धावायला लागलं होतं.

आणि मी बघितलं की वामन सरळ चालला आहे.

दिवाळीनंतर वाळूचा दांडा सरकून खाडीच्या ऐन मध्यावर आला होता. भरतीत तो पाण्याखाली खोल असतो, म्हणून येताना काही झालं नाही. ओहोटीत मात्र त्याला डाव्या बाजूने मोठा वळसा घालून जावं लागतं. सरळ गेलं की होडी वाळूत रुतते, ओढीला आडवी होते आणि बघता बघता पालथी पडते. त्या मार्गशीर्षात दुसऱ्या गावची एक होडी तशीच गेली होती आणि दोन माणसं समुद्राच्या तोंडाशी सापडली होती. हे मला पाठ होतं. वामनला कुठून असणार? तो बाहेरच्या समुद्राचा माणूस. एरवी मी त्याला होडी देताना दहादा सांगितलं असतं. त्या दिवशी मी बाई होण्यात एवढी गुंतले होते की सांगायचं साफ विसरले.

"गोपाळदा, तो दांड्यार चललो. हाक मार."

गोपाळदा धावत पाण्याशी गेला आणि ओरडला. रात्रीच्या नाटकाने घसा बसलेला. जो आवाज निघाला तो धक्क्यावरच्या कुत्र्यानेही ऐकला नसता. त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि खोकत खाली बसला. वडील घरात, ते आले असते तरी त्यांच्यात दम नव्हता. वामनची पाठ आमच्याकडे होती.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट आठवतं. ओरडले तर गेलं. तो एक तास, ती आठ दुपारांची मेहनत, तो होकार, अरविंद, सगळं गेलं. चौथं स्थळ गेल्यावर पाचवं येणार नव्हतं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की आठ दिवस जो आवाज लपवायला शिकले, तो एकच त्या होडीपर्यंत पोचणार होता. फार वेळ विचार केला असं म्हणता येणार नाही. मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात उतरले, पाय फाकवून उभी राहिले आणि पोटातून हाक काढली.

"वामन्याऽऽ! डाव्याक मार! डाव्याक!"

खाडीच्या दोन्ही काठांवरचे बगळे उठले. वामन वळला. होडीतली सगळी वळली.

"वल्हा सोड! वासो घे! पुढे दांडो असा!"

वामनने वल्हं टाकून लांब वासा उचलला आणि पाण्यात खुपसला. वासा कमरेएवढाही बुडाला नाही. तेव्हा त्याला कळलं. होडीचं नाक वाळूला घासून थरथरलं, मामा जागचे उठायला लागले.

"मामांनो, खाली बसा! कोणी उठू नको! वामन्या, नेट लाव! सगळो नेट डाव्याक!"

होडी आडवी व्हायला लागली, एका अंगाने खाली गेली, आणि मग वामनच्या जोराने नाक सुटलं. मी हाताने दाखवत, ओरडत तिला वळशाने नेली. इतकं पुढे, आता सरळ, आता उजव्याक, आता जाव दे. पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत माझं तोंड बंद झालं नाही. माणसं उतरताना दिसली तेव्हा मी पाण्यातून बाहेर आले.

"वाचली," गोपाळदा म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण गेला गो सगळा."

"गेला तर गेला," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसलं नाही. लुगडं पिळलं आणि घराकडे तोंड केलं.

तेव्हाच मागून हाक आली.

"गोऽऽ शेवंतीऽऽ!"

मला वाटलं, पलीकडे कोणी दुसरं माणूस तरीची वाट बघत असावं. असा आवाज मी आमच्या खाडीवर माझा सोडून कोणाचा ऐकला नव्हता. छाती भरून काढलेला, पाण्यावरून सरळ येणारा. मी वळून बघितलं. पलीकडच्या धक्क्याच्या टोकावर भागीरथीबाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात तोंडाशी.

"लग्न करून येताना तो आवाज घेवन ये! थंय ठेवन येव नको!"

गोपाळदा तोंड उघडं टाकून उभा राहिला. मला हसावं की रडावं कळेना. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती मला तिथेच, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी विचारायची होती.

"आदी झिलाक इचारा!" मी ओरडले. "तेका चलतलो काय?"

भागीरथीबाई अरविंदकडे वळल्या. तो पुढे आला, त्याने तोंडाशी हात धरले आणि काहीतरी म्हणाला. एक अक्षर पोचलं नाही.

"आयकाक येणा नाय!" मी म्हटलं.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. बिचारा लाल झाला असणार. तरी काही ऐकू आलं नाही. मग त्याच्या आईने त्याला बाजूला केलं.

"चलतलो म्हणता!" ती बाई ओरडली. "चुकलंय म्हणता!"

"येतंय तर!" मी म्हटलं.

वैशाखात आमचं लग्न झालं. त्या दिवशी पलीकडे काय झालं ते नवऱ्याने मला सांगितलं, पण लगेच नाही. पाच-सहा वर्षांनी, सासूबाई गेल्या त्या दिवशी, त्यांचं सगळं आटपून आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो तेव्हा सांगितलं. त्या संध्याकाळी मामा पुढे गेले होते आणि मोटारीची वाट बघत मायलेक दगडावर बसले होते. तो घाबरलेला होता. होडीमुळे नाही, आईमुळे. ज्या बाईच्या पोटी जन्मलो आणि अठ्ठावीस वर्षं जिच्या घरात वाढलो तिचा आवाज आपण आज पहिल्यांदा ऐकला, हे त्याला पटतच नव्हतं.

"आई," त्याने विचारलं, "ह्यो आवाज तुझोच काय गो?"

"माझोच. माझ्या बापाशीची पण तरीची होडी होती," सासूबाई पुन्हा आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या. "लग्नाच्या चौथ्या दिवसाक तुझो बापूस म्हणालो, बायलमाणसान हळू बोलूचा. मी म्हटलंय, बरा. तो मेलो तेका आता सात वर्सां झाली. तरी मी हळूच बोलत ऱ्हवलंय. कोणाच्या भियान, ता माकाच कळाक नाय."